मायाळूची पानं

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरगावातला भाजीबाजार बंद. गॅलरीतल्या डब्यात लावलेल्या मायाळूची पानं मी डाळीत टाकत होते, तेवढ्यात हे आले आणि कुजबुजले, "नाक्यावर गोळीबार झाला. शेजारचा शशी गेला. त्याच्या आईला इतक्यात सांगू नकोस." बाहेर आले तर नलूवहिनी माझ्याच वेलाची पानं पदरात खुडत होत्या. "मोर्च्याहून शशी भुकेला येईल. ही भाजी असली की दोन घास जास्त खातो." त्यांनी त्याच्यासाठी फोडणी घालावी, हे मला बघवेना. पटकन बोलून गेले, "वहिनी, आज चूल पेटवू नका. जेवण आमच्याकडून येईल." वेलावरचा त्यांचा हात थांबला. चाळीत कुणाचं माणूस गेलं की पिठलं-भात घेऊन त्याच आधी जात आणि हेच सांगत. पदरातली पानं त्यांनी माझ्या हातात ठेवली. मग विचारलं, "कधी आणणार त्याला?"