पाचवी माळ

फोन आला तेव्हा सुवर्णा घटावर पाचवी माळ चढवत होती. निपाणीहून बायाक्काची लेक सुविधा बोलत होती. "मावशी, आई गेली. पहाटंच. एक वाजता न्हेत्यात. तुमी येताय न्हवं?"

माळ हातातच राहिली. बायाक्का आणि सुवर्णा नऊ वर्षं एका नाटक कंपनीत होत्या. दोघींत मिळून आरसा एकच, तोही तडा गेलेला. म्हणून एकीचा चेहरा दुसरीनं रंगवायचा, अशी रीतच पडली होती. शेवटचा रंगही मागं राहील तिनं लावायचा, हे दोघींचं ठरलेलं.

"आलेच," म्हणत ती पाटावरून उठली.

"कुठं?" देवघराच्या दारात ताईसाहेब उभ्या होत्या, तिच्या थोरल्या नणंदबाई.

देसायांच्या बंगल्यात देवघरालासुद्धा आता एसी आहे. पण घटाला बसलेल्या बाईनं नऊ दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम आहे तसाच आहे. छत्तीस वर्षं सुवर्णाला त्या पाटाजवळ कुणी फिरकू दिलं नव्हतं. नाटकातली बाई, एवढंच कारण. लग्नात नाव बदलून राजलक्ष्मी केलं, तरी कारण काही बदललं नाही. यंदा जाऊबाई अंथरुणाला खिळल्या, सून पोटुशी, म्हणून मान नाइलाजानं तिच्याकडं आला. पहिल्या माळेपासून गावातल्या बायका येऊन तिच्या पाया पडत होत्या. ताईसाहेब तेवढ्या लांबूनच हात जोडत, तेही घटाला. तरी तिला केवढा आनंद झाला होता! आता त्या आनंदाची तिला लाज वाटली.

"माझी बायाक्का गेली," ती म्हणाली. "तोंड बघून लगेच परत येते."

"तुमची ती कोण लागते?"

"नात्यानं कोण नाही."

"मग सुतक नाही. आणि सुतक नाही, तर जायचं कारणही नाही." ताईसाहेबांचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही.

समोर हॉलमध्ये तिचे यजमान रविराज पेपर वाचत बसले होते. हाच माणूस एके काळी जीप घेऊन तिच्या नाटकांमागं चिकोडीपासून खानापुरापर्यंत हिंडला होता. तिनं त्यांना हाक मारली आणि या घरानं शिकवलेली भाषा तिच्या तोंडातून गळून पडली.

"अहो, वीस मिंटाचा रस्ता हाय. बायाक्का हाय ती. तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या चिठ्ठ्या बायाक्कानंच पोचवल्या होत्या. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आता ताईच म्हणते तर..." ते म्हणाले आणि घडी परत उलगडली.

सोफ्यावर सून बसली होती. आठवा महिना. याआधी दोनदा दिवस भरायच्या आत मूल गेलेलं. ताईसाहेबांनी फक्त सुनेच्या पोटाकडं बघितलं. सुनेनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि सासूकडं बघत राहिली.

सुवर्णा परत पाटावर बसली. तिनं निपाणीला फोन लावला.

"सुविधा, आईची रंगपेटी काढ. पत्र्याची. मी सांगते तसं कर."

"थांबा मावशी, व्हिडिओच लावती."

"घटापुढं बसून मढं बघायचं नसतं," दारातून ताईसाहेब म्हणाल्या.

पडद्यावर काही दिसायच्या आत सुवर्णानं मोबाईल पाटाशेजारी पालथा ठेवला. मग ती त्याच्या पाठीशी बोलू लागली.

"आदी वल्ल्या फडक्यानं तोंड टिप. घासू नगं. आता पॅनकेकचा रंग घे, पातळ लाव. कानामागनं, गळ्यापतोर. डाव्या भुवईत खाच हाय बघ, ती पेन्सिलनं भर."

"खाच कुठाय, मावशी? दिसंना."

"बोट फिरव, लागंल."

तिचं स्वतःचं बोट तिच्याच डाव्या भुवईवरून फिरत होतं. बोटाचं कुंकू कपाळभर लागलं, तिला कळलंही नाही.

"घावली!" सुविधा म्हणाली आणि रडायला लागली. जरा वेळानं तिनं विचारलं, "कुंकू लावू का? आबा न्हाईत. मानसं काय म्हंतील?"

"लाव. रुपयाएवढं लाव. कोण काय म्हटलं तर सांग, देसायांच्या राजलक्ष्मीबाईंनी सांगितलंय."

तिकडं कुणी काही म्हटलं नाही. देसायांचं नाव निपाणीत अजून चालतं.

"झालं, मावशी. बरोबर हाय का बघा की एकदा."

सुवर्णाचा हात मोबाईलवर गेला. ताईसाहेब दारात होत्या. सून तशीच बघत होती. हात मोबाईलवर तसाच राहिला.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"तुमी बघितलंच कुठं?"

पलीकडं माणसांचा गलका झाला, कुणीतरी 'उचला' म्हणालं आणि फोन बंद पडला. ती समईकडं बघत बसून राहिली. तिला रडायचं होतं, पण घटापुढं रडायचंही नसतं.

ताईसाहेब आत आल्या. पदर खांद्यावरून घेऊन त्या वाकल्या आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुवर्णाच्या पायांवर डोकं टेकलं. सुवर्णानं पाय मागं घ्यायला बघितलं. मागं भिंत होती.