एक्क्याऐंशी नंबरला नावं ठेवू नयेत

"सात मॅच झाल्या आणि झेल किती? नऊ," पातेल्यात पळी फिरवत लायल म्हणाला. "झेलणं हेच काम, आणि याला रिसीव्हर म्हणायचं? तुम्हीच सांगा एल्रॉय, त्या एक्क्याऐंशी नंबरला बाकावर बसवायला नको?"

"मी त्याला नावं ठेवणार नाही," एल्रॉय म्हणाला. "आणि तूही ठेवू नकोस, बाबा."

अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला अजून तास होता. स्टेडियमबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, शेगड्यांवर सॉसेज चरचरत होते आणि सरोवरावरचा वारा हाडं फोडत होता. हरणांच्या शिकारीचा मोसम, त्यामुळे अर्धं गाव एकसारख्याच भडक नारिंगी कोटात. शेगडीजवळ उकडायला लागलं म्हणून या दोघांनी आपापले तसलेच कोट लायलच्या ट्रकच्या दाराला अडकवले होते.

लायल हसला. "अजून तेच का डोक्यात?"

तेच होतं. दुसरं काय असणार?

मर्ल, गस आणि एल्रॉय, तिघेही कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, तिघेही एकटे. सव्वीस वर्षं एका ओळीत शेजारी शेजारी बसून त्यांनी मॅचेस पाहिल्या आणि एकमेकांचं डोकं खाल्लं. सप्टेंबरात इथेच, याच ट्रकपाशी, मर्ल म्हणाला होता, "एक्क्याऐंशीपेक्षा माझी बायको बरी झेलायची, आणि ती तर बिचारी चष्म्याशिवाय आंधळी होती." तिघं पोट धरून हसले. त्याच रात्री मर्ल झोपेत गेला.

ऑक्टोबरात गस बोलला. "हात आहेत की लोण्याचे गोळे? उद्याच्या उद्या हाकला त्याला." सोमवारी सकाळी शेजारणीने दार वाजवलं, तर गस खुर्चीत बसल्या बसल्या थंड पडलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. एक ऐंशीचा, एक अठ्ठ्याहत्तरचा. खोलात कोण जातंय? पण एल्रॉयला कळायचं ते कळलं होतं. या गावात टीम जिंकत असेल तर लोक मोसमभर मोजे धूत नाहीत, आणि त्यांना कोणी हसतही नाही. ज्याने ज्याने एक्क्याऐंशीला नावं ठेवली, तो गेला. आता राहिला एल्रॉय, आणि त्याला मरायचं नव्हतं. मुलं नाहीत, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, तरी रविवार आला की त्याला जगावंसं वाटायचं.

"अरे, झेल मोजून काय होतं?" तो म्हणाला. "तो सरळ आत पळतो. समोरचे दोघं त्याच्यामागे धावतात आणि दुसऱ्याला वाट मोकळी होते. लोक बघतात चेंडूकडे. ज्याच्या हातात चेंडू नाही त्याच्याकडे कुणाचं लक्ष असतं का? खरं काम तोच करतो."

लायलची पळी थांबली. "हे मात्र लाखमोलाचं बोललात," तो म्हणाला.

मग त्याने लहान पातेल्यातली राजमा-खिम्याची चिली वाडग्यात वाढली. मोठ्या पातेल्यातली त्याची स्वतःसाठी. म्हाताऱ्यांना तिखट सोसत नाही म्हणून त्यांच्यापुरती तो वेगळी शिजवायचा. ऑगस्टमध्ये ओळख झाली तेव्हापासून त्याचा हा नेम एकदाही चुकला नव्हता. पोटचं पोरसुद्धा एवढं करत नाही, असं एल्रॉयला वाटायचं. त्याने वाडगं पुसून खाल्लं.

"तू आत का येत नाहीस रे कधी?"

"मला गर्दीत गुदमरतं. इथे ट्रकात बसून रेडिओ ऐकलेला बरा. तुम्ही निघा, वेळ झाली."

लायल पातेली आवरायला लागला. एल्रॉयने दाराचा कोट ओढून अंगात घातला आणि तो निघाला.

मर्लच्या जागेवर आता मॅडलिन नावाच्या बाई बसायच्या. इथली जागा म्हणजे जन्माची जागा, माणूस मेला तरच मोकळी होते. वारस असला तर त्याला जाते, नसला तर यादीतल्या पुढच्याला. बाई चौतीस वर्षं यादीत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्या थंडगार बाकाचा मुका घेतला होता. गसची जागा एका शाळामास्तरला मिळाली होती. माणसं चांगली होती, पण एल्रॉयला त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

मॅच अडकत अडकत चालली. तिसऱ्या सत्रापासून एल्रॉयची जीभ जड झाली होती, बोटंही वळेनात. थंडीच तशी होती.

"हा एक्क्याऐंशी काय कामाचा हो?" मास्तरने विचारलं.

"धीर धरा," एल्रॉय म्हणाला. "त्याला काही बोलू नका."

शेवटची अकरा सेकंदं उरली. टीम चार गुणांनी मागे. चेंडू उंच गेला, वाऱ्याने वाकडा झाला, आणि एक्क्याऐंशी नंबरने दोघांच्या डोक्यावरून उडी मारून तो छातीशी घट्ट धरला. टचडाउन, सहा गुण. सत्तर हजार माणसं उभी राहिली. मॅडलिनबाईंनी मास्तरला मिठी मारली.

एल्रॉयला उठता येईना, पण डोळे वाहत होते. आपण जीभ आवरली, त्याचं फळ मिळालं. आता पुढचा रविवार आपला, त्याच्या पुढचाही आपला. त्याने रुमालासाठी खिशात हात घातला.

खिशात रुमाल नव्हता. रबर लावलेली तीन पत्रं होती, क्लबच्या शिक्क्याची. हा कोट आपला नव्हे, हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. तिन्हींवर लायलचं नाव होतं आणि तिन्हींवर मजकूरही एकच होता: जागेसाठीच्या यादीत आपला क्रमांक.

ऑगस्टच्या पत्रावर होतं, तीन. मर्लला पुरल्यानंतरच्या पत्रावर, दोन.

मागच्या आठवड्यातल्या पत्रावर होतं, एक.