गार हात

डबल ड्युटीने शैलाचे पाय भरून आले होते. नुकत्याच धुतलेल्या गार हाताने तिने ऑपरेशन झालेल्या रणपिसे सिस्टरांची नाडी धरली आणि त्या दचकल्या.

शैला वरमली. तळवे चोळून गरम केल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, हे ती विशीत नोकरीला लागली तेव्हा यांनीच शिकवलं होतं. आता ती स्वतः वॉर्डची इनचार्ज होती.

सिस्टर अजून भुलीतच होत्या. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी तिचे हात ओढून घेतले आणि त्या हळूहळू चोळायला लागल्या.

"नवीन आहेस का गं?" त्या पुटपुटल्या. "दमलीस. जा, चहा घेऊन ये आधी. मी बघते पेशंटकडे."

शैलाने हात सोडवून घेतले नाहीत.

"हो सिस्टर," ती म्हणाली, "नवीनच आहे."