सातवं वाक्य

कौसल्यानं सातव्या वाक्यापुढं ‘नेहमी’वर खूण केली आणि प्राचीचे डोळे भरून आले. तिनं पटकन खिडकीकडं पाहिलं. समाजकार्य शिकणाऱ्या मुलीनं मुलांसमोर रडायचं नसतं, असं बारामतीच्या कॉलेजात मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

सातवं वाक्य असं होतं : ‘मी कुणाला तरी हवी आहे, असं मला वाटतं.’ पुढं तीन चौकोन. नेहमी, कधी कधी, कधीच नाही. आठ रविवारांपूर्वी हाच कागद प्राचीनं बालगृहातल्या या दहा मुलींना दिला होता. दहाही जणींना आईबाप नव्हते. बारा वर्षांच्या कौसल्यानं तेव्हा ‘कधीच नाही’वर एवढी दाबून खूण केली होती, की पेन्सिलीनं कागद फाटला. तो फाटका कागद प्राची बारामतीपर्यंत मांडीवर धरून गेली. ही एक खूण हलली तर आपलं शिक्षण काही कामाचं, असं तिनं एसटीतच ठरवून टाकलं. पहिल्याच दिवशी असलं काही ठरवू नये, पण बाविसाव्या वर्षी हे कोण कुणाला सांगणार.

मग ती राबली. दर रविवारी लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरायची, उसाच्या कडेकडेनं चालत यायची, मुलींना गोल बसवायची. एकीनं दुसरीकडं सुतळीचा गुंडा टाकायचा आणि टाकताना तिचं एक चांगलं सांगायचं. एका रविवारी तिनं सगळ्यांच्या पाठीवर कोरे कागद लावले. जिच्याबद्दल जे चांगलं वाटतं ते तिच्या पाठीवर लिहायचं. कौसल्याच्या पाठीवर आठ जणींनी एकच गोष्ट लिहिली होती. कौसल्या दुखू न देता उवा काढते. ते वाचून कौसल्या हसली. प्राचीनं वहीत ‘प्रगती’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

एक गोष्ट मात्र तिनं वहीत लिहिली नव्हती. पहिल्या दिवशी कौसल्यानं तिला विचारलं होतं, “ताई, तुमचं किती रविवार?”

“आठ,” प्राची म्हणाली होती.

“बरं,” म्हणून कौसल्या आपल्या जागेवर जाऊन बसली होती. फाट्यावर कुणी एसटीची वेळ विचारून घ्यावी, तसंच तिनं ते विचारलं होतं.

आज आठवा रविवार. प्राचीनं कागद गोळा केले आणि तिथंच उभ्या उभ्या चाळले. नऊ जणींनी सातव्या वाक्यापुढं ‘नेहमी’ केलं होतं. एकट्या शाहीनचं पुन्हा ‘कधीच नाही’. शाहीन आठ वर्षांची, दिवाळीनंतर इथं आलेली, सगळ्यांत नवी. प्राचीला वाईट वाटलं, पण फार नाही. तिचं सगळं लक्ष कौसल्याच्या त्या न फाटलेल्या कागदावर होतं. तो तिनं सगळ्यांत वर ठेवला, शाहीनचा तळाशी घातला आणि गठ्ठा पिशवीत टाकला.

मुली तिला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. दोघीतिघी रडल्या. कौसल्या आली नाही. “शाहीनचं केस विंचरायचं राहिल्यात,” एवढं म्हणून ती शाहीनला घेऊन मागं निघून गेली. प्राचीला ते थोडं लागलं. मग तिनं मनाशी म्हटलं, बरंच झालं, पोरगी आता आपल्यावाचून उभी राहते आहे.

फाट्यावर पोचल्यावर तिला आठवलं, पाण्याची बाटली बालगृहामागच्या हौदावरच राहिली. एसटीला अजून अर्धा तास होता. ती परत फिरली.

हौदाजवळच्या पायरीवर कौसल्या बसली होती. पुढ्यात शाहीन. कौसल्याच्या हातात बारीक दातांची फणी होती. दोघींची पाठ प्राचीकडं होती.

“सातव्याला परत तसंच का लिवलंस गं?” कौसल्या विचारत होती.

“मला तसंच वाटतंय.”

“वाटतंय ते पयल्या रविवारी लिवायचं. शेवटल्या रविवारी ‘नेहमी’ लिवायचं. ताईला त्याच्यावर मार्क असत्यात. मागं एका ताईला आमी खरं लिवून दिलं, तर ती हितंच बसून रडली.” कौसल्यानं फणी पायरीवर झटकली. “ही ताई लई चांगली हाय. तिला रिकाम्या हातानं कशाला लावून द्यायची?”

प्राची हौदाच्या भिंतीला टेकली. खांद्यावरच्या पिशवीत दहा कागद होते. त्यांतला खरा एकच होता आणि तो तिनं तळाशी घातला होता. निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत शेंगा भराव्यात, तसे बाकीचे नऊ त्या मुलींनी ठरवून भरले होते. तिला स्वतःची लाज वाटली. पुढं जाऊन कौसल्याला जवळ घ्यावं, असं तिला फार वाटलं. पण जवळ घेऊन सांगायचं काय? आठ रविवार तर संपले होते.

शाहीननं पायरीवर पडलेली ऊ नखानं चिरडली. मग मान न वळवता तिनं विचारलं, “मग खरं कुणाला सांगायचं?”

कौसल्यानं फणी पुन्हा तिच्या केसांत घातली. हळूच, दुखू न देता.

“मला सांग की. मी कुठं जातीया?”