आज किती आले?

"आज किती आले?" मॅनेजरने गाडीची काच खाली करून विचारलं.

"अकरा," वॉचमन म्हणाला. "काल चौदा होते."

मॅनेजरने चरफडत काच वर केली. रंगाच्या कारखान्याच्या गेटसमोर बायका फलक धरून उभ्या होत्या. धुराड्याचा धूर समोरच्या शाळेत शिरायचा. वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या तरी मुलं खोकायची. धुराड्याला फिल्टर बसवा, एवढीच मागणी. पुढारी होती कोपऱ्यावर कपडे शिवणारी शिवणबाई. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. दोन महिने हेच चाललं होतं आणि मॅनेजरच्या डोक्याला नुसता ताप झाला होता.

मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हे मिटवा एकदाचं. आज मूठभर आहेत, उद्या रस्ता भरेल. असल्या चळवळी वाढतात कशा, मोडतात कशा, नीट शिकून घ्या."

"शिकतो," मॅनेजर म्हणाला.

शिकायला लांब जायची गरज नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीने तरुणपणी नर्सचा लढा उभारला होता. एका हॉस्पिटलात पेटलेला तो लढा देशभर पसरला, आणि नर्सना सलग दोन पाळ्या लावणं कायद्याने बंद झालं. रविवारी तो तिच्याकडे गेला.

"ताई, मूठभर माणसं एवढं मोठं काम कशी करतात गं?"

ताई वाटाणे सोलत होती. "तुला कशाला हवंय? मोडायला?"

"मालकांनी शिकून यायला सांगितलंय."

"मग चहा पी आणि नीघ."

चहा संपला तरी तो उठला नाही. पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. शेवटी ती वैतागली.

"गेटवर घसा फोडून मालक ऐकत नसतो. त्याला त्या बायकांची गरजच काय? ज्यांच्यावाचून त्याचं अडतं, ती माणसं बाजूला झाली की तो हलतो. आम्ही मंत्र्याचे उंबरे झिजवून थकलो. मग डॉक्टर आमच्या बाजूने उभे राहिले, आणि बघता बघता निकाल लागला."

"ते का उभे राहिले?"

"दमलेल्या नर्सच्या हातून त्यांचेच रुग्ण दगावत होते म्हणून. ज्याला त्याला त्याचं स्वतःचं दुखणं दाखवावं लागतं, बाबा." बोलता बोलता ती थांबली. "बघ, सांगून बसले. आता याचाच दोर करून त्या बायकांचा गळा आवळशील."

"येतो," म्हणून तो निघाला.

पुढच्या सोमवारी गेटसमोर कुणीच नव्हतं. मालकांनी मॅनेजरची पाठ थोपटली.

तो आनंद गुरुवारपर्यंत टिकला. शिवणबाई आता ट्रक ड्रायव्हरांच्या घरोघरी जात होती. निम्म्या ड्रायव्हरांची पोरं त्याच शाळेत होती. ती भाषण करत नव्हती. आईबापांसमोर बसून एवढंच विचारायची, "झोपेत खोकतो का हो हा?"

गुरुवारी एकही ट्रक हलला नाही. शुक्रवारी माल भरणारेही हाताची घडी घालून बसले. दुकानदारांचे फोन सुरू झाले. शेजारच्या कारखान्यांचे ड्रायव्हरही आपापल्या मालकांना धुराबद्दल विचारू लागले.

"ह्या बाईला ड्रायव्हरांची घरं सापडली कशी?" मालकांचा आवाज चढला. "आणि इतके दिवस तुम्ही काय शिकलात?"

"कमी पडलो," मॅनेजर खाली मान घालून म्हणाला.

मालकांनी आणखी काही दिवस ताणून धरलं. मग फिल्टर बसवायचं कबूल केलं, आणि भर ऑफिसात मॅनेजरला नाही नाही ते बोलले. 

संध्याकाळी ताईचा फोन आला. "हरलास ते बरं झालं," ती म्हणाली. "पण खरं सांगू? तुझ्याशी बोलावंसंच वाटत नाही."

 फोन खिशात टाकून तो चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. शिवणबाईने त्याला पाहिलं, दार लोटून घेतलं आणि मशीनजवळचं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं.

"तुमच्या उद्याच्या सभेत माझा राजीनामा मागा," तो बसत म्हणाला. "नाहीतर मालकांना संशय येईल."