आल्याचा केक

धाकटीचा हात साखर सोडून मिठाच्या बरणीकडे वळला, तशी थोरली खोटंखोटं खोकली. हात थबकला आणि मुकाट साखरेकडे गेला.

टेबलापलीकडे भाचा बसला होता. मधल्या बहिणीचा मुलगा. ती गेल्यापासून दोघी मावश्यांचं हवं-नको तोच बघायचा. मागे एकदा शेगडीवर दूध राहिलं, पातेलं जळालं आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. माझ्याच हातून झालं, असं धाकटीने कबूल केलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता की असंच चाललं तर दोघींपैकी एकीला देखरेखीच्या ठिकाणी ठेवावं लागेल. तो जागाही बघून आला होता. आज त्याने एवढंच मागितलं होतं: तुमच्या बेकरीत करायचात तो आल्याचा केक माझ्यासमोर करा.

ती एक कोण, हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं. धाकटीचं अलीकडे सगळंच बिनसलं होतं. सकाळी उठून वार विचारायची, चष्मा डोक्यावर चढवून घरभर शोधायची. "ताई, आता पुढे काय गं?" हे तर तिचं पालुपदच झालं होतं. दोघींनी लग्नं केली नाहीत, जन्मभर एकाच भट्टीपुढे घाम गाळला. आता उतारवयात ताटातूट? थोरलीने ठरवून टाकलं होतं. हात धाकटीचे चालू देत, डोकं आपण चालवू.

"ताई, आलं असंच घालू?" साखरेच्या पाकात मुरवलेल्या आल्याची बरणी उघडून धाकटीने विचारलं.

त्याच्यासमोर असं उघड विचारतात का? थोरलीने हसण्यावारी नेलं.

"माझी परीक्षा घेतेस होय? वरची साखर धुऊन टाक, फडक्याने कोरडं कर. आणि सुरीला तेलाचं बोट लाव, नाहीतर चिकटून बसेल."

धाकटीने वाटाण्याएवढे तुकडे केले आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं. तुकडे कोरड्या मैद्यात घोळव, नाहीतर तळाला जाऊन बसतील, असं थोरलीने सांगितलं. आलं पाकात मुरलेलं, म्हणून साखर मूठभर कमी घालायला लावली. उरलेल्या फोडी चॉकलेटमध्ये बुडवून ठेवू, चहाबरोबर होतील, हेही तिला सुचलं.

भाचा धाकटीकडे बघतच नव्हता. त्याची नजर सारखी थोरलीवर. आपल्या खाणाखुणा याने पकडल्या, या विचाराने ती उगाचच टेबल पुसायला लागली.

भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर तो पहिल्यांदाच बोलला.

"मोठी मावशी, वरून पसरायचं आलं कधी घालतात?"

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. थोरली उत्तर द्यायला गेली आणि तिला शब्दच सापडेना. घाबरलं की होतंच असं. भाच्याने मान खाली घातली. धाकटीने टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला. बिचारी. हिला आता मीच वाचवायला हवं.

"केक अर्धा फुगल्यावर," थोरली म्हणाली. "आधी घातलं तर साखर करपते आणि आलं कडवट लागतं."

भाच्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

केक झकास फुगला. भाच्याने दोन तुकडे खाल्ले, डोळे पुसले, आलं तिखट आहे म्हणाला. मग इतक्यात काही हलवाहलव करायला नको, असं सांगून तो उठला. थोरलीला जग जिंकल्यासारखं झालं. धाकटी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेली.

थोरली भांडी गोळा करायला लागली. उघड्या खिडकीतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पण मावशी, विसरल्याचं हे सोंग तू किती दिवस आणणार?"

"मिळतील तितके," धाकटी म्हणाली. "स्वतःसाठी ताईला आता काहीच आठवत नाही रे. मी चुकले की मात्र सगळं आठवतं."