उजवीकडचं पान

चंद्रिकाबाईंनी तंबोरा गवसणीतून काढला आणि आपले गुरू अण्णाबुवा यांची वही नऊ वर्षांच्या ओवीपुढे उघडली. डावीकडे बंदिशीची अस्थाई बुवांच्या वळणदार अक्षरात होती. उजवं पान कोरं होतं. बुवांची रीतच तशी. ते अस्थाई बांधून ठेवायचे आणि पुढचा अंतरा शिष्याने बांधायचा. बाई स्वतः एका अंतऱ्यासाठी अकरा वर्षं झटल्या होत्या. दर वेळी बुवा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "अजून नाही."

"हे पान आता तुझं," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी अंतरा घेऊन ये."

"पण बाई, तो झालाय की. या वहीतले सगळेच झालेत, परवा." ओवीने फोनवर तो लावला.

तीस वर्षांपूर्वी गेलेले अण्णाबुवा गाऊ लागले. अंतरा यंत्राने बांधला होता आणि बुवांचा आवाजही त्यानेच घेतला होता. बाईंनी कान देऊन त्यात चूक शोधली, पण एकही सापडली नाही. बुवांनी तो असाच बांधला असता.

"असू दे. तू तुझा बांध."

"मग माझा चुकीचा ठरेल ना?"

ओवीने फोनमधला अंतरा हुबेहूब गाऊन दाखवला.

"वा, पोरी," तिचं गाणं ऐकून फोनमधून बुवा म्हणाले.

एवढे दोन शब्द ऐकायला बाई अकरा वर्षं त्यांच्या दारी गेल्या होत्या. त्यांनी वही मिटली आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

"संपली शिकवणी?" ओवीने विचारलं.